हिरवी राखदाणी

शेवाळ्यांच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र मोठं सभ्य होतं. जाड कागद, वर त्यांच्या हॉटेलचं सोनेरी नाव, खाली टाइप केलेला मजकूर. आपल्या सहकार्याबद्दल आभार. जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत आतल्या मूळ रंगासाठी आमच्या गाडीला पारितोषिक मिळालं, हे कळवताना आनंद होतो. गाडीची राखदाणी कुठेच सापडत नाही, ती आपल्याकडे असल्यास कृपया पाठवावी. गाडीशेजारी लावायच्या पाटीचा मसुदा सोबत आहे, तो वाचून संमतीची सही करावी.

मसुद्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे. ‘एका माजी मालकिणीने अडाणीपणाने फासलेला रंग काढून गाडीला तिचे मूळ सौंदर्य परत देण्यात आले.’

उत्तर लिहायला मी कितीदा तरी बसलो. ‘महोदय’ लिहून झालं की हात थांबायचा. माझं आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं. तिथे सगळं कुजबुजत बोलायचं. राग आला की तो मी आधी उलटसुलट करून बघतो, आपलंच काही चुकत असेल का म्हणून. बघेपर्यंत तो शिळा होतो. हा मात्र झाला नाही. पण खरं उत्तर लिहायचं तर जे सांगावं लागलं असतं, ते सांगायला मला मनाई होती.

गाडी माझ्या बहिणीची, अक्काची. अक्का माझ्याहून बरीच मोठी. आई-वडील लवकर गेले, तिनंच मला वाढवलं. कराडला ती शाळेत शिकवायची. गाव सोडून निघालेल्या एका डॉक्टरांकडून तिनं ती दोन दारांची छोटी विलायती गाडी विकत घेतली आणि स्वतः चालवायला शिकली. त्या काळी कराडात बाई गाडी चालवते म्हटल्यावर लोक दुकानाच्या पायरीवर उभे राहून बघायचे. पुढे ती मुख्याध्यापिका झाली, निवृत्त झाली, नजर मंदावली तेव्हा तिनं गाडी एका गॅरेजवाल्याला देऊन टाकली. तिथून ती शेवाळ्यांच्या हाती लागली. त्यांचं हायवेवर मोठं हॉटेल, आणि जुन्या गाड्यांचा शौक.

एका सकाळी त्यांचा फोन आला. “काका, तुमच्या मदतीशिवाय अडलंय. गाडी कोल्हापुरात रंगाला लावलीय. आतला कंपनीचा रंग कसा होता ते बघितलेलं माणूस तुमच्याशिवाय कोण आहे? बाईंना त्रास द्यायचा नाही म्हणून तुम्हाला विचारतो.”

अक्का तेव्हा ऐंशीच्या घरात होती. मी तिला सांगितलं, कोल्हापूरला जाऊन येतो, तुझी गाडी बघायला.

“रंग काढतायत का?” तिनं विचारलं.

“हो. आतला मूळचा रंग शोधतायत.”

तिनं वर्तमानपत्राची घडी घातली, परत उलगडली. “त्यांना म्हणावं, काढू नका. आहे तो बरा आहे.”

“अक्का, तो शाळेच्या बाकांचा हिरवा रंग. गाडीत बसलं की आठवीच्या वर्गात बसल्यासारखं वाटायचं.”

“मग वाईट काय त्यात?” ती म्हणाली आणि पुन्हा वाचायला लागली.

हा रंग आमच्याकडे जुन्या थट्टेचा विषय होता. मी कॉलेजात असताना एका रविवारी अक्कानं शाळेच्या बाकांसाठी आणलेल्या ऑइलपेंटचा डबा उघडला आणि गाडीचा सगळा डॅशबोर्ड, दारांच्या आतल्या पट्ट्या, अगदी राखदाणीसुद्धा हिरवी करून टाकली. वास घरभर भरला, मी जेवताना कुरकुर केली. का दिलास म्हटलं तर “रंग उरला होता,” एवढंच. सिगारेट ओढणारं घरात कुणी नव्हतं. राखदाणीत ती खडूचे तुकडे ठेवायची. पुढे कुणी पाहुणा गाडीत बसला की मी म्हणायचो, आमच्या अक्काला गणित येतं, रंग येत नाहीत. तीही हसायची.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात रंगाच्या शेडमध्ये गाडी खुर्च्या काढून उघडीबोडकी उभी होती. रंगारी इलाही आतमध्ये उकिडवा बसला होता. शेवाळे बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत, मनगटात कडं, पायात पांढरे बूट. चाळिशीचा, हसरा माणूस. मला बघून उठले, पाया पडले. मला संकोच वाटला.

“इलाही, सरांना दाखव तुझं भांडण.”

“भांडान कसलं, सर,” इलाही म्हणाला. “कंपनीचा रंग जिथं ऊन लागत न्हाई तिथं घावतो. ही राखदाणी भाईर काढली, तर तिच्या मागं ह्यो असा. आन् मीटरची चकती काढली, तर तिच्याखाली ह्यो असा. दोन्ही कंपनीचंच. आता खरा कुठला म्हनायचा?”

त्यानं बॅटरी मारून दाखवलं. राखदाणीच्या खोबणीत पांढुरका हस्तिदंती रंग होता; मीटरखाली तोच, पण पिवळट.

“बाहेर उजेडात बघता येईल?” मी विचारलं. “पिवळ्या बल्बखाली काही कळत नाही मला.”

“मीबी तेच म्हनतोय शेटना. त्यास्नी घाई.”

“घाई नाही रे, स्पर्धेची तारीख आहे,” शेवाळे म्हणाले.

शेडचं मागचं दार उघडलं. ऊन आत आलं तसे दोन्ही रंग वेगळे दिसायला लागले. मी डोळे मिटून तो पहिला दिवस आठवायचा प्रयत्न केला. डॉक्टर किल्ली देऊन गेले होते आणि अक्कानं मला शेजारी बसवून, गाडी सुरू न करता, नुसतं बसून घेतलं होतं.

“राखदाणीमागचा,” मी म्हणालो. “दुधात चमचाभर चहा पडावा तसा होता. मीटरखालचा दिव्याच्या उष्णतेनं पिवळा पडला असेल.” आणि लगेच वाटलं, आपण चुकीचं तर सांगत नाही ना. “म्हणजे मला तसं वाटतं. खात्री नाही.”

“काका, तुम्ही सांगितलं म्हणजे संपलं,” शेवाळे म्हणाले. “आणि हा हिरवा? हा कुणाचा प्रताप?”

मी सवयीनं हसलो. “बहिणीचा. तिला रंगाचं काही कळत नाही.”

“राग नका मानू, पण बाईंनी गाडीची अब्रू घालवली होती,” ते म्हणाले, आणि मी त्यावरही हसलो.

इलाहीला आणखी एका जागेची खात्री हवी होती. बाजूच्या सीटसमोर डॅशबोर्डचा पत्रा रुंद आणि सपाट होता. “हितं घासून बघू,” म्हणत त्यानं पाण्यात भिजवलेला घासकागद घेतला आणि हलक्या हातानं गोल गोल घासायला सुरुवात केली. हिरवं पाणी ओघळायला लागलं. हिरव्याखालून हस्तिदंती रंग वर येत होता, राखदाणीमागचाच. मला माझी आठवण बरोबर निघाल्याचा बारीकसा आनंद झाला.

“थांबा की,” इलाही म्हणाला. “हितं काय तरी हाय. हिरवा निघंना.”

हस्तिदंती रंगात बारीक हिरव्या रेघा राहिल्या होत्या. त्यानं बोट फिरवून बघितलं. “खोल हाय. खिळ्यानं वरबाडलंय. रंग आत बसलाय.”

तो आणखी घासत गेला. रेघांची अक्षरं व्हायला लागली. पहिल्यांदा काना, मग एक वळणदार उकार, त्याची शेपटी ऐटीत लांब ओढलेली. इलाहीचा हात थांबला. त्यानं वाचलं असावं. त्यानं कागद बादलीत टाकला आणि विडी शोधायला बाहेर गेला.

तो शब्द मी इथे लिहिणार नाही. बाईला बाजारात बसवणारा शब्द होता. त्याच्याखाली, थोड्या लहान अक्षरात, ‘मास्तरीण’. खिळा पत्र्यापर्यंत रुतवून, सावकाश, सुवाच्य लिहिलेलं. गाडी चालवणाऱ्याला डावीकडे मान वळवली की सरळ वाचता येईल असं. आणि प्रत्येक अक्षरात अक्काचा हिरवा रंग काठोकाठ भरलेला.

मी दाराला धरलं.

शेवाळे वाकून बघत होते. त्यांनी शब्द मोठ्यानं वाचला. मग हसले. “आयला. काका, हा तर इतिहास निघाला. काय जमाना होता.” त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

“फोटो काढू नका,” मी म्हणालो.

“अहो, मित्रांना दाखवतो. मजा.”

“काढू नका म्हटलं ना.”

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. शेवाळ्यांनी मोबाइल खिशात ठेवला, पण चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. “बरं बरं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. इतकी वर्षं झाली. आता खाचांत लांबी भरली, अस्तर मारलं, वरून क्रीम रंग दिला की कुणाला कळणारही नाही.”

“तो हिरवाच राहू द्या,” मी म्हणालो.

“काय?”

“डॅशबोर्ड. हिरवा होता तसा परत हिरवा करा.”

“अहो, आत्ताच तुम्ही हसत होतात त्या रंगाला.”

“मला माहीत नव्हतं,” एवढंच मी म्हणालो.

“काका, भावना समजते मला. पण स्पर्धेचा नियम आहे. गाडी कंपनीतून आली तशी पाहिजे. मूळ म्हणजे मूळ. मधे कुणी काय केलं त्याला गुण नाहीत, उलट कापतात.” ते माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलत होते, लहान मुलाला समजावतात तसं. “आणि हिरवा ठेवला तर लोक विचारणार, हे काय? मग काय सांगू? हे सांगू?” त्यांनी त्या शब्दाकडे बोट दाखवलं.

“काही सांगू नका. नुसता हिरवा ठेवा.”

“गाडी माझी आहे ना, काका,” ते गोड आवाजात म्हणाले.

ते खरंच होतं. गाडी त्यांची होती, कागदपत्रं त्यांची, स्पर्धा त्यांची. मी आयुष्यभर पुस्तकांत मुद्दे वाचत आलो आणि त्या शेडमध्ये माझ्यापाशी एकही नव्हता. इलाही परत आला तेव्हा त्यांनी त्याला फर्मावलं, “आधी हे बुजवून टाक. मग चहा सांग.”

इलाहीनं लोखंडी पट्टीवर लांबीचा मऊ लगदा घेतला. माझ्याकडे बघितलं नाही. पट्टी एकदा आडवी फिरली, शब्द गेला. अक्कानं ज्यासाठी डबाभर रंग लावला होता ते त्यानं चिमूटभर लांबीत केलं. चांगलं केलं, त्याचं कामच ते. पण त्याखाली तिचा हिरवा रंगही गेला, आणि ते सगळं बघताना शेवाळे फोनवर कुणाला तरी सांगत होते, “हां, हां, एकदम मूळ रंग मिळाला.”

राखदाणी कामाच्या टेबलावर होती. हिरवी, टवका उडालेली, आतून खडूनं पांढरी. मी रुमाल काढला, घाम पुसल्यासारखं केलं, आणि राखदाणी रुमालात गुंडाळून झोळीत टाकली. चहाला न थांबता निघालो.

घरी आलो तेव्हा अक्का व्हरांड्यात शेंगा सोलत बसली होती.

“कुठला रंग निघाला?”

“हस्तिदंती.”

“आणि?”

“आणि काय? झालं.”

“खोटं बोलताना तू चष्मा पुसतोस, श्रीधर.”

माझ्या हातात चष्मा होता. मी तो डोळ्यांना लावला. झोळीतून रुमाल काढून तिच्यापुढे ठेवला. तिनं तो उलगडला. राखदाणी हातात घेतली, आतून बोट फिरवलं, बोटाला लागलेला खडू बघितला.

“दिसलं तुला,” ती म्हणाली.

“हो.”

“आणखी कुणी बघितलं?”

“रंगाऱ्यानं. आणि शेवाळ्यांनी.” ते हसले, हे मी सांगितलं नाही. तिला ते कळलं असणार.

“मला मुख्याध्यापिका केलं त्याच आठवड्यात,” ती म्हणाली. “मी तेव्हा गाडी कुलूप न लावता ठेवायची. शाळेच्या आवारात कशाला कुलूप? संध्याकाळी दार उघडलं तर समोर ते. तशीच घरी आले. तू वाचत बसला होतास. म्हणालास, आज आमटी पातळ झालीय.”

“तू सांगायचं तरी होतंस.”

“तुला सांगून काय झालं असतं? तू शब्दकोश उघडला असतास.” ती थोडी हसली. मी हसलो नाही.

“कुणी केलं होतं?”

शेंगा सोलणं तिनं पुन्हा सुरू केलं होतं. “पहिल्यांदा वाटलं, पोरांपैकी कुणी असेल. मग उकार बघितला. शेजारच्या वर्गाच्या फळ्यावर रोज बघत होते मी तो. सुंदर अक्षर. वळणासाठी मुलांना मी त्याच्याकडे पाठवायची.”

“शिक्षक?”

“खुर्ची त्याला मिळेल असं सगळे धरून चालले होते. तोसुद्धा.”

“आणि तू त्याच्याबरोबर…”

“निवृत्तीपर्यंत काम केलं. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊनच गेले. रविवारी रंग दिला. सोमवारी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत त्याच्यापुढे हात केला, म्हटलं, जरा खडू द्या, माझ्याकडचा संपला. मग रोज मागायचे. त्यानं कधी नाही म्हटलं नाही, आणि कधी मान वर करून दिला नाही. तो खडू ह्या राखदाणीत ठेवायचे.” तिनं राखदाणी शेंगांच्या परातीशेजारी ठेवली. “आठवड्याला भरायची.”

“नाव सांग.”

“नाही.”

“अक्का, नाव सांग मला.”

“त्याचे नातू असतील आता. तू काय करणार आहेस नाव घेऊन?” आणि मग, माझ्याकडे न बघता, “हे कुणाला सांगायचं नाही. लोक माझ्याकडे कीव करून बघतील. त्यापेक्षा बाईला रंगातलं कळत नाही असं म्हणू देत.”

पुढच्या महिन्यात शेवाळ्यांचं ते पत्र आलं. अक्कानं भिंग लावून मसुदा वाचला. ‘अडाणीपणाने’ ह्या शब्दावर भिंग जरा जास्त थांबलं. मग तिनं कागद माझ्याकडे सरकवला. “राहू दे,” म्हणाली. मी सही केली नाही आणि उत्तरही दिलं नाही. राखदाणीत ती तिच्या गोळ्या ठेवायला लागली होती. शेवटपर्यंत ठेवल्या.

ह्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. अक्का गेली त्यालाही आता काळ लोटला. गेल्या महिन्यात शेजारचे गणपुले मला त्यांच्या गाडीतून साताऱ्याला घेऊन गेले. परतताना चहाला थांबले ते नेमके शेवाळ्यांच्या हॉटेलात. मला माहीत असतं तर मी चहाच नको म्हटलं असतं.

दर्शनी भागात काचेची खोली, तिच्यात गाडी. चकचकीत. दार उघडं ठेवलेलं, आतला हस्तिदंती डॅशबोर्ड दिव्यांत झळकत होता. राखदाणीच्या जागी कुठली तरी नवी, चंदेरी बसवलेली. आणि पितळी पाटी. माझ्या सहीवाचून तिचं काही अडलं नव्हतं. वाक्य जसंच्या तसं होतं.

एक तरुण आपल्या मुलीला पाटी वाचून दाखवत होता. “बघ, कुठल्या तरी बाईनं वेड्यासारखा रंग फासला होता. मग ह्या हॉटेलवाल्या काकांनी गाडी नीट केली.”

“कुठला रंग?” मुलीनं विचारलं.

“असेल काहीतरी घाणेरडा.”

मी तोंड उघडलं. “हिरवा,” म्हणालो. माझा आवाज काचेपर्यंतही पोचला नसेल. ते पुढे निघून गेले.

गणपुले म्हणाले, “काय हो, बरं नाही का वाटत? चेहरा लाल झालाय.”

घरी आल्यावर मी टेबलाशी बसलो. अक्कानं घातलेली मनाई आठवली, आणि तिच्याभोवती इतकी वर्षं जसा घुटमळलो तसाच पुन्हा घुटमळलो. कुणाला सांगायचं नाही. पण शेवाळ्यांना नव्यानं काय सांगायचं होतं? त्यांनी तर ते माझ्यादेखत मोठ्यानं वाचलं होतं. वाचलं, बुजवलं, आणि मग तिला अडाणी म्हटलं. माहीत नसताना म्हटलं असतं तर मी समजू शकलो असतो. माहीत नसताना मीही म्हणतच होतो. हे सगळं इतकं सरळ होतं आणि मला इतका वेळ लागला. ‘महोदय’ मी लिहिलं नाही.

‘श्री. शेवाळे यांस,

आपल्या पत्राला उत्तर देण्यास उशीर झाला. राखदाणी माझ्याकडे आहे. ती मी आपल्या रंगाऱ्याच्या टेबलावरून न विचारता उचलली. ती हिरवी आहे आणि हिरवीच राहील. आपल्याला ती मिळणार नाही.

पाटीच्या मसुद्याला माझी संमती नाही. हिरवा रंग अडाणीपणाने फासलेला नव्हता. तो का दिला होता, हे त्या दिवशी आपण माझ्याशेजारी उभे राहून मोठ्याने वाचलेत आणि हसलात. त्यामुळे ते इथे लिहिण्याची गरज नाही.

ते वाक्य काढून टाका आणि त्या जागी असे लिहा: ही गाडी श्रीमती वत्सला रत्नपारखी यांची. गाडीच्या आतला हिरवा रंग त्यांनी स्वतःच्या हाताने दिला, आणि निवृत्त होईपर्यंत त्या ही गाडी रोज शाळेत नेत. 

एवढेच लिहा. मी पुन्हा चहाला येणार आहे.

श्रीधर रत्नपारखी’

शेवटचं वाक्य खोडावं असं दोनदा वाटलं. धमकीसारखं वाटेल का? मग ठेवलं.

पोस्टात खिडकीशी गर्दी नव्हती. आतल्या मुलीनं पाकीट वजनाला ठेवलं. “साधं पाठवायचं की रजिस्टर, आजोबा?”

“रजिस्टर. आणि पोच हवी. त्यांच्या सहीची.”

तिनं गुलाबी कागद पाकिटाला जोडला, शिक्का मारला. मग पाकीट बोटांनी दाबून बघितलं. “आत काही वस्तू नाही ना?”

“नाही,” मी म्हणालो. नेहमीपेक्षा जरा मोठ्यानंच म्हणालो असेन, कारण मागच्या बाकावरचे गृहस्थ वळून बघायला लागले. “वस्तू घरीच आहे.”